‘नेटिव्ह’ ॲप आणि मराठी वाक्य

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ‘नेटिव्ह’ हा शब्द सुशिक्षितांच्या नित्य परिचयाचा होता. मुंबईस नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी होती; पुण्यात १८४८ मध्ये जे सार्वजनिक ग्रंथालय निघाले आणि जे आज नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाते, त्याचे मूळ नाव पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी असे होते. राज्यकर्त्यांच्या तोंडी या शब्दास जो तुच्छतेचा वास होता तो पुढे असह्य झाला. ‘एतद्देशीय’, ‘देशी’, ‘राष्ट्रीय’ हे शब्द त्याच्या जागी आले आणि तो मागे पडला. अलीकडे तो मराठी व्यापारी जगात पुन्हा अवतरला आहे, आणि या वेळी गौरवार्थाने. सॉफ्टवेअर-संस्था कारखानदारांस, दुकानदारांस, रुग्णालयांस व पतसंस्थांस ‘नेटिव्ह मोबाइल ॲप’ घडवून देण्याची सेवा देऊ करतात, तेव्हा हे विशेषण गुणवत्तेची हमी म्हणून योजलेले असते. अर्थ मात्र पालटला आहे. ॲप देशी असावयाचे ते ग्राहकाच्या मुलखाच्या वा भाषेच्या दृष्टीने नव्हे, यंत्राच्या दृष्टीने.

हा अर्थ प्रथम नीट समजून घेणे अवश्य आहे. मोबाइल फोन ज्या कार्यप्रणालीवर चालतो, तिच्या निर्मात्यांनी नेमून दिलेल्या भाषेत व त्यांनीच पुरविलेल्या साधनांनी लिहिलेले ॲप ते ‘नेटिव्ह’. ॲपलच्या आयफोनसाठी प्रथम ऑब्जेक्टिव्ह-सी आणि २०१४ नंतर स्विफ्ट, गूगलच्या अँड्रॉइडसाठी प्रथम जावा आणि २०१७ मध्ये अधिकृत मान्यता मिळाल्यानंतर उत्तरोत्तर कोटलिन, या त्या भाषा होत. याच्या उलट, एकच आज्ञावली दोन्ही प्रणालींवर चालविण्याचेही मार्ग आहेत. वेबपृष्ठाला ॲपचे कवच चढविणारा मार्ग जुना. फेसबुकचे रिॲक्ट नेटिव्ह (२०१५) आणि गूगलचे फ्लटर (पहिली पूर्ण आवृत्ती २०१८) हे त्यानंतरचे. रिॲक्ट नेटिव्ह बटणे, मजकुराच्या चौकटी इत्यादी प्रणालीच्याच वापरते. फ्लटर पडद्यावरील प्रत्येक आकृती स्वतः रेखाटते. नेटिव्ह मार्गाने जाणाऱ्या व्यावसायिकाला एकच ॲप दोनदा लिहवून घ्यावे लागते, दोनदा तपासावे लागते, आणि प्रणालीची नवी आवृत्ती आली की दोनदा दुरुस्त करावे लागते. खर्च वाढतो तो येथे.

हा खर्च करणे शहाणपणाचे आहे की नाही यावर पुष्कळ वाद झाला आहे, आणि त्यात नेटिव्ह पक्षाची बाजू दुबळी नाही. जून २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी बाहेरच्या प्रोग्रामरांस आयफोनसाठी वेबवर चालणारी ॲपेच लिहावयास सांगितले होते. चार महिन्यांत तो विचार बदलावा लागला, आणि जुलै २००८ मध्ये सुमारे पाचशे ॲपांनिशी ॲप स्टोअर उघडले. फेसबुकनेही वेबतंत्रावर भिस्त ठेवून पाहिली. २०१२ मध्ये आयफोनवरील आपले ॲप त्या कंपनीने नेटिव्ह पद्धतीने पुन्हा लिहिले, आणि वेबतंत्रावर फार विसंबणे ही मोठी चूक होती, अशी कबुली मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे दिली. उलट टोकही गाठले गेले. मिंत्रा या बंगळुरूच्या कापडविक्रेत्या कंपनीने मे २०१५ मध्ये आपले संकेतस्थळ बंद करून सर्व व्यापार ॲपवर नेला, आणि जून २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. सारांश, मतभेदास जागा आहे. परंतु वेग, कॅमेऱ्यासारख्या अवयवांवरील ताबा, जाळे तुटले असताही काम चालू राहणे, या बाबतींत नेटिव्ह ॲप सरस ठरते, हे मान्य करूनच पुढे जाणे रास्त होय.

परंतु ॲप वापरणाऱ्यास आज्ञावली दिसत नाही. त्याला दिसतात ती वाक्ये. सांगोल्याचा एखादा डाळिंब-बागायतदार ठिबकसंचाचे सुटे भाग ॲपवरून मागवितो, तेव्हा ते ॲप कोटलिनमध्ये लिहिले आहे की फ्लटरमध्ये, याची त्याला वार्ताही नसते. त्याच्यापुरते ॲप म्हणजे काही शे लहान वाक्यांचा एक ग्रंथ. कोणी आरंभापासून अखेरपर्यंत न वाचलेला, परंतु तुकड्यातुकड्यांनी हजारो लोकांनी रोज वाचलेला. त्या ग्रंथाची भाषिक समीक्षा क्वचितच होते. जी टीका होते ती शब्दांवर होते: ‘डाऊनलोड’ चालेल की ‘उतरवून घेणे’ हवे, ‘सेव्ह’ चांगले की ‘जतन’. वस्तुतः दुखणे शब्दांत फार थोडे आहे. दुखणे वाक्यात आहे.

ते कोठून उद्भवते, हे ॲपच्या रचनेकडे पाहिले असता कळते. पडद्यावरील सर्व मजकूर आज्ञावलीपासून अलग काढून एका यादीत ठेवण्याची दोन्ही प्रणालींची शिस्त आहे. अँड्रॉइडमध्ये इंग्रजी यादीच्या शेजारी ‘एमआर’ अशी खूण असलेल्या कप्प्यात मराठी यादी ठेवावयाची. आयफोनमध्येही अशीच वेगळी फाईल असते, आणि २०२३ पासून सर्व भाषांच्या याद्या एकाच तक्त्यात पाहण्याची सोय झाली आहे. यादीतील प्रत्येक नोंदीस ‘स्ट्रिंग’ म्हणतात. शिस्त उत्तम आहे. तिच्यावाचून एकाच ॲपास अनेक भाषा बोलता आल्या नसत्या. परंतु तिचा एक परिणाम असा की भाषांतरकाराच्या हाती वाक्य पडत नाही, यादी पडते. त्यातही पुष्कळदा संपूर्ण वाक्य नसते. वाक्याचे दोन-तीन तुकडे आणि मधे एक रिकामी जागा असते. गावाचे नाव, मालाचे नाव, माणसाचे नाव किंवा संख्या त्या जागेत ॲप चालू असताना भरली जाते.

इंग्रजीला ही रचना सोसते. नामाचे रूप तीत फारसे पालटत नाही, आणि नात्याचा शब्द नामापूर्वी सुटा उभा राहतो. मराठीची गोष्ट निराळी. मराठीत नाम प्रत्ययाला सामोरे जाताना आधी स्वतःचे रूप बदलते. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्याचा विस्ताराने विचार केला ते सामान्यरूप हेच. ‘पुणे’ रिकाम्या जागेत टाकून पुढे ‘मध्ये’ हा तयार तुकडा लावला की ‘पुणे मध्ये’ असे जे निष्पन्न होते, ते कोणत्याही मराठी माणसाच्या तोंडी नाही. ‘पुण्यात’, ‘साताऱ्यात’, ‘कोल्हापुरात’, ‘सांगलीत’: चार गावांत चार तऱ्हा. कालदर्शक वाक्यांचीही तीच गत. ‘३ दिवस पूर्वी’ हे मराठी नव्हे. ‘३ दिवसांपूर्वी’ हे मराठी, आणि एकच दिवस असेल तर ‘दिवसापूर्वी’. अनुस्वाराएवढा फरक, परंतु एकवचन की अनेकवचन ते त्या अनुस्वारानेच कळते.

याहून अवघड स्थिती क्रियापदाची. कर्मणी प्रयोगात मराठी क्रियापद कर्माचे लिंग व वचन घेते. व्यापारी ॲपांत ‘अमुक रद्द झाले’ या सांगाड्यात वस्तुवाचक शब्द भरण्याची चाल आहे. ‘तिकीट रद्द झाले’ हे ठीक. ‘ऑर्डर रद्द झाले’ हे अशुद्ध, कारण ‘ऑर्डर’ हा शब्द मराठीने स्त्रीलिंगी करून घेतला आहे. ‘रिफंड मंजूर झाले’ हेही अशुद्ध, कारण ‘रिफंड’ पुल्लिंगी मानला जातो. परक्या शब्दांना मराठीने दिलेली ही लिंगे कोणा समितीने ठरविली नाहीत, तरी ती पुष्कळ अंशी निश्चित आहेत, आणि शाळकरी मुलासही ती चुकली तर खटकतात. माणसाचे नाव भरावयाचे असेल तर आणखी एक पेच येतो. ‘सामील झाला’, ‘सामील झाली’, ‘सामील झाले’, ‘सामील झाल्या’ यांतून निवड करताना लिंगाबरोबर मानही सांभाळावा लागतो. ग्राहकास ‘तुम्ही’ म्हणणारे ॲप दुसऱ्या ग्राहकाविषयी बोलताना त्याला एकेरीवर आणते. एवढा उद्धटपणा कोणत्याही पेढीवरचा गुमास्ता करणार नाही.

येथे नेटिव्ह साधनांची बाजू मांडणे न्यायाचे होईल, कारण दोष त्यांचा नाही. युनिकोड संघाने निरनिराळ्या भाषांच्या व्यावहारिक रीतींचा एक प्रचंड कोश सिद्ध केला आहे. सीएलडीआर हे त्याचे संक्षिप्त नाव. कोणत्या भाषेत वचनाचे किती वर्ग करावे लागतात हे त्यात नोंदलेले आहे: मराठीस व इंग्रजीस दोन, अरबीस सहा. तारखा, महिन्यांची नावे, अंकांची मांडणी, ‘इतक्या दिवसांपूर्वी’ अशी कालदर्शक रूपे, ही सर्व त्यात भाषावार आहेत, आणि हा कोश दोन्ही प्रणालींच्या पोटात बसविलेला असतो. म्हणजे ‘दिवसापूर्वी’ आणि ‘दिवसांपूर्वी’ यांतील भेद फोनला ठाऊक आहे. प्रोग्रामरने त्याला विचारले मात्र पाहिजे. तो विचारीत नाही. ‘३’, ‘दिवस’, ‘पूर्वी’ असे तीन तुकडे स्वतःच जोडून मोकळा होतो, कारण इंग्रजीत तेवढ्याने भागते. वचनाप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे अख्खे वाक्य बदलण्याची सोयही आहे. रिकाम्या जागेत येणारे नाम स्त्रीलिंगी असेल तर हे वाक्य, पुल्लिंगी असेल तर ते, असे लिहून ठेवता येते. व्याकरणाचा प्रश्न कार्यप्रणालीच्या कर्त्यांसही जाणवू लागला आहे. २०२१ मध्ये ॲपलने लिंगवचनाचा मेळ आपोआप घालणारी योजना प्रथम इंग्रजी व स्पॅनिश या भाषांसाठी आणली. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये वापरणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे वाक्य बदलण्याची तजवीज झाली.

नेटिव्ह ॲपाचा आग्रह धरणाऱ्यांनी या साधनांचा तरी पूर्ण उपयोग करावयास हवा होता. व्यावसायिक आणि सॉफ्टवेअर-संस्था यांच्यामधील करारपत्रांची रीत पाहिली तर कारण ध्यानी येते. त्यांत पडद्यांची संख्या, रंगसंगती, पैसे भरण्याचे मार्ग, स्टोअरमध्ये ॲप दाखल करण्याची जबाबदारी, पुढील देखभाल यांवर कलमांमागून कलमे असतात. भाषेला बहुधा एक ओळ मिळते: ‘इंग्रजी, हिंदी व मराठी’. त्या ओळीचा अर्थ यादीचे भाषांतर असा घेतला जातो. वाक्य कोणी घडवावयाचे, ते पडद्यावर कोणी वाचून पाहावयाचे, याचा उल्लेख करारात नसल्याने ते काम कोणाचेच राहत नाही.

यादीच्या भाषांतराचे सर्वांत उद्‌बोधक फळ म्हणजे ‘रद्द करा’ हे बटण. ग्राहकाला आपली मागणी मागे घ्यावयाची आहे. पडद्यावर प्रश्न येतो: ‘तुमची ऑर्डर रद्द करायची?’ खाली दोन बटणे: ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. मराठी वाचक येथे निःशंकपणे ‘रद्द करा’ दाबील, आणि ऑर्डर जशीच्या तशी राहील. कारण त्या बटणाचा मूळ हेतू ‘हा प्रश्न मिटवून मागे जा’ एवढाच होता. हा घोटाळा इंग्रजीतही होतो हे खरे. म्हणूनच बटणावर नेमक्या क्रियेचे नाव लिहावे, असा उपदेश दोन्ही प्रणालींच्या मार्गदर्शक पुस्तिकांत केलेला आहे. तथापि इंग्रजी वाचकास संगणकाच्या दीर्घ सहवासाने तो शब्द एक ठराविक खूण म्हणून अंगवळणी पडला आहे. मराठी वाचकापुढे मात्र ‘रद्द करा’ ही खूण नसून एक पूर्ण वाक्य आहे. त्यात कर्म अध्याहृत आहे, आणि मराठीच्या रीतीप्रमाणे अध्याहृत कर्म लगतच्या मागील वाक्यातून घ्यावयाचे असते. मागील वाक्यात ‘ऑर्डर’ आहे. तेव्हा वाचकाने केलेला अर्थ हाच व्याकरणदृष्ट्या एकमेव शक्य अर्थ होय. चुकले ते ॲप. ‘हो, रद्द करा’ आणि ‘नको, राहू द्या’ अशी दोन बटणे असती, तर कोणाचे पैसे अडकले नसते. ‘राहू द्या’ हा प्रयोग दुकानाच्या फळीवर शतकानुशतके रुळलेला आहे.

याच बटणांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘नाव लिहा’ हे ॲपने ग्राहकास केलेले सांगणे आहे. ‘जतन करा’ हे ग्राहकाने ॲपास केलेले. बोलणारा बदलला, रूप तेच राहिले. इंग्रजीत आज्ञार्थाला मानाची खूण नसल्याने हा बदल झाकला जातो. मराठीत ग्राहक यंत्राला आदराने ‘करा’ म्हणतो, आणि यंत्रही त्याला ‘करा’ म्हणते. दोन पाहुणे दारात एकमेकांस ‘आधी आपण’ म्हणत थांबावेत, तसा हा प्रकार होतो. विनोद सोडला तरी गोंधळ उरतोच. एकाच पडद्यावर वर ‘माझे खाते’ आणि खाली ‘तुमचा पत्ता’ अशी शीर्षके दिसतात. ‘मला आठवण करा’ असे एक बटण असते, आणि कोणी कोणाची आठवण करावयाची याचा उलगडा होत नाही. ‘आठवण करणे’ आणि ‘आठवण करून देणे’ यांत मराठीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली स्नेहाची, दुसरी कामाची.

सुट्या शब्दांची दशा यापेक्षा बरी नाही. इंग्रजीत ज्या शब्दाचे नाम व क्रियापद एकच आहे, असा शब्द संदर्भावाचून यादीत आला की भाषांतरकार, मग तो मनुष्य असो वा यंत्र, अंदाज बांधतो. बसची जागा राखून ठेवण्याच्या बटणावर ‘पुस्तक’, सवलतीच्या फलकावर ‘२० टक्के जतन करा’, मागणीच्या जागी ‘आदेश’, पहिल्या पडद्याच्या जागी ‘घर’, ही अशा अंदाजांची अपत्ये होत. आयफोनच्या आज्ञावलीत भाषांतरासाठी मजकूर काढताना प्रत्येक स्ट्रिंगबरोबर भाषांतरकाराकरिता एक टीप लिहिण्याची जागाच ठेवलेली आहे. हा शब्द बटणावर येतो की शीर्षकात, तो नाम आहे की क्रियापद, हे तेथे एका ओळीत सांगता येते. पुष्कळ प्रोग्रामर तेथे दोन अवतरणचिन्हे लिहून मध्ये काहीच लिहीत नाहीत. मराठी ॲपांतील दोषांची एवढी बोलकी प्रतिमा दुसरी सापडणे कठीण.

यावर कोणी म्हणेल, मराठीत या व्यवहाराची भाषाच नाही. ती नव्याने घडवावी लागेल. हे विधान इतिहासाला सोडून आहे. रोजकीर्द आणि खतावणी, जमा आणि नावे, येणे आणि देणे, बाकी, उधारी, पावती, भरणा ही परिभाषा मराठी पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दस्तऐवजात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशा दोन शब्दांत दोन पक्ष इतके स्वच्छ उभे राहतात की कोण बोलतो आहे याविषयी संशयच उरत नाही. छापील नमुन्यात रिकामी जागा भरण्याचे कसबही मराठीला नवे नाही. ‘राहणार’, ‘वय’, ‘धंदा’ अशी पदे पुढे मोकळी सोडून नाम प्रथमेतच राहील अशी योजना जुन्या कारकुनांनी केली होती. ‘पुणे मध्ये’ लिहिण्याऐवजी ‘पोचविण्याचे ठिकाण : पुणे’ असे लिहिले की सामान्यरूपाचा प्रश्नच उद्भवत नाही. एस. टी. च्या गाड्यांवरील पाट्या हेच करीत आल्या आहेत.

ही परंपरा ॲपात उतरू शकते याचा दाखला महाराष्ट्र शासनाच्या ‘ई-पीक पाहणी’ या ॲपात मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपाने शेतकऱ्याने आपल्या शेतातील पिकाची नोंद स्वतः सातबारावर करावी, असा उद्देश ठेवला. तांत्रिक अडचणींविषयी त्यावर पुष्कळ बोलले गेले, आणि ते येथे विषयाबाहेरचे आहे. भाषेपुरते पाहता ‘पीक माहिती नोंदवा’, ‘कायम पड’, ‘चालू पड’, ‘बांधावरची झाडे’ ही पदे भाषांतरित नाहीत. ती तलाठ्याच्या दप्तरातून, गाव नमुना बारामधून आलेली आहेत. त्यांना इंग्रजी यादीच्या आधारे जन्म घ्यावा लागला नाही. खासगी क्षेत्रात ‘खाताबुक’ या बंगळुरूच्या ॲपाने आपल्या इंग्रजी रूपातसुद्धा जमाखर्चाची शास्त्रीय पदे टाळून ‘तुम्ही दिले’ आणि ‘तुम्हाला मिळाले’ अशा अर्थाची साधी क्रियापदे घेतली, हे दुकानदाराच्या बाजूने विचार केल्याचे लक्षण होय. दोन्ही उदाहरणांत शब्द देशी की परके हा मुद्दा गौण आहे. वाक्य कोणाच्या तोंडचे आहे हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते, एवढेच महत्त्वाचे.

लिपीविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. ‘ॲप’ हा शब्द मराठीत ज्या अक्षराने आरंभ होतो, त्या ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, म्हणजे ॲप स्टोअर उघडले त्याच वर्षी; योगायोग गमतीचा आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाणित वर्णमाला जाहीर करताना त्यांचा निर्देश केला, आणि मजकूर मराठी आहे अशी खूण केली असता ती वळणे दाखविण्याची सोय आधुनिक टंकांत आहे. ही खूण पुष्कळदा केलेली नसते. बटणांची उंची इंग्रजी अक्षराच्या मापाने ठरविलेली असल्यामुळे रफार वरून आणि ऊकार खालून कापला जातो. प्रणालीच्याच मजकूर-चौकटी वापरणारे नेटिव्ह ॲप वास्तविक येथे अधिक सुरक्षित असते. तथापि उंची आकड्याने बांधून टाकल्यावर चौकट तरी काय करील?

अंकांच्या बाबतीत घडते ते अधिक गंभीर आहे. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी केली की प्रणाली संख्येचे ‘२५०’ असे देवनागरी रूप सिद्ध करते आणि सव्वा लाख रुपये ‘१,२५,०००’ असे लिहिते. पडद्यावर हेच योग्य. परंतु माणसाच्या डोळ्यासाठी सिद्ध केलेले हे रूप प्रोग्रामरने नकळत दूरच्या संगणकाकडे धाडले, तर तो त्यास अंक म्हणून ओळखीत नाही आणि व्यवहार अडकतो. अरबी भाषेतही हेच होते, आणि प्रोग्रामरांसाठी असलेल्या अधिकृत पुस्तिकांत याविषयी इशाराही आहे. दोष ध्यानी आल्यावर जो उपाय बहुधा योजला जातो तो रोगाहून वाईट: सर्वच ठिकाणी इंग्रजी रीत सक्तीची करावयाची. मग फोन मराठी, वाक्य मराठी, रक्कम मात्र ‘एकशे पंचवीस हजार’ अशा तीनतीन अंकांच्या गटांत. लाखाचा स्वल्पविराम जागेवर नसेल तर ज्याला पैसे मोजावयाचे आहेत तो क्षणभर थबकतो.

व्यावसायिकांचा नेहमीचा आक्षेप असा की मराठी रूप दिले तरी ग्राहक इंग्रजीच निवडतो. मग त्यावर खर्च का करावा? ज्या मराठीत ‘रद्द करा’ दाबल्याने काहीच रद्द होत नाही, ती टाकून ग्राहक ओळखीच्या इंग्रजी खुणांकडे वळला, तर त्याला मराठी नको आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्याला ती मराठी नको आहे, एवढेच सिद्ध होते. २०१९ पासून आयफोनवर आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून तेथेही प्रत्येक ॲपाची भाषा निराळी ठेवण्याची मुभा प्रणालीतच आहे. फोन इंग्रजी ठेवून पतसंस्थेचे ॲप तेवढे मराठीत वाचावे, हे आता शक्य आहे.

शिवाय हा विषय आता केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात, माणसाची खासगी माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना आणि संमतीची मागणी इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्यास असावा, असे कलम आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा संमतीचे वाक्य हे ॲपातील सर्वांत जबाबदारीचे वाक्य ठरते. ते ज्याला कळले नाही त्याने दिलेली संमती कितपत खरी, हा प्रश्न भाषाशास्त्राइतकाच कायद्याचाही आहे. ग्राहक कोठे आहे हे जाणून घ्यावयाचे असेल तर आयफोनची प्रणाली विकसकाकडून कारणाचे एक वाक्य लिहून मागते. ते मराठीत पुरविले नसेल, तर मराठी ॲपाच्या मध्यभागी ते इंग्रजीत उमटते. आणि पुरविले असले तरी यादीच्या पद्धतीने ते असे होते: ‘या ॲपला तुमच्या स्थानावर प्रवेश आवश्यक आहे.’ प्रवेश कोणाचा, कशात, आणि आवश्यक कोणास, यांपैकी काहीही या वाक्यावरून सांगता येत नाही. तेच वाक्य असेही लिहिता येते: ‘सामान तुमच्या दारापर्यंत पोचविण्यासाठी तुम्ही कोठे आहात हे आम्हाला कळावे लागते.’ ते लांब आहे, आणि दोन ओळींच्या चौकटीत मावणार नाही अशी तक्रार त्यावर येईल. परंतु त्यात ‘आम्हाला’ आहे. मागणारा कोण ते कळते, आणि त्याला नकार देता येतो.